नाव काय घालायचं?

तुळशीबागेत धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी जाऊ नये, एवढं पुण्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं. पण २०२४ च्या दिवाळीला आई सांगलीहून आली तीच मुळी एक स्टीलचा डबा घेऊन. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, पाच किलोचा. त्याच्यावर तिला नाव घालून हवं होतं. नुसतं नाव घालायला कसं जायचं, दुकानदार काय म्हणेल, म्हणून आधी एक पळी विकत घेतली आणि मग आम्ही रांगेत उभे राहिलो. दुकानाच्या पायरीशी एक पोरगा स्टुलावर बसलेला, मांडीवर गोणपाट, गोणपाटावर भांडं आणि हातात ते जाड पेनासारखं मशीन. त्याचा आवाज दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा, टर्रर्र, मध्येच चढणारा. आमच्या पुढच्या बाईंच्या तांब्यावर ‘कै.’ घालायचं होतं, म्हणून त्या जरा हळू आवाजात सांगत होत्या. पोरानं तांब्या फडक्यानं पुसून दिला, आमचा डबा मांडीवर घेतला आणि मान वर न करता विचारलं.

“नाव काय घालायचं?”

आईनं माझं नाव सांगितलं. मग म्हणाली, ‘आणि’. शाळेत शुद्धलेखन घालताना म्हणायची तसा सुटा, ठळक ‘आणि’. आणि त्याचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण त्याच्या घरी अजून सांगितलेलं नाही. एवढंच सांगतो की त्या नावात एक दुसरी वेलांटी आहे. पोरानं मशीन टेकवलं आणि थांबला. “भाऊ-भाऊ का? मग खाली आडनाव एकच टाकतो.” आईनं पदर सारखा केला. तिनं तोंड उघडलेलं मला दिसलं. आणि तिच्या आधी मी म्हणालो, “हो. आडनाव नको पण.”

पोरानं नाव घातलं, वेलांटी पहिली घातली, आणि आई जी सुरू झाली! अहो दुसरी, दुसरी वेलांटी आहे ती! तो म्हणाला, एकदा पडलं की पडलं मावशी, स्टील आहे, पाटी नाही. दहा मिनिटं ती त्या वेलांटीवर भांडली. मागची रांग कुरकुरायला लागली. तेवढ्या वेळात तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

तो ‘हो’ मला रात्री झोपू देईना. एकाक्षरी शब्द, तोही अनोळखी माणसापाशी. पण मी म्हणजे कोण? चोवीसाव्या वर्षी मित्राला सांगितलेला, सत्ताविसाव्या वर्षी घरी सांगितलेला, ऑफिसात सगळ्यांना माहीत असलेला माणूस. सोसायटीच्या चेअरमननी लिफ्टमध्ये ‘दोघंच राहता का?’ विचारलं तेव्हा त्यांनाही सरळ सांगितलं होतं. ते ‘अच्छा अच्छा’ म्हणत एक मजला आधीच उतरले, ती गोष्ट वेगळी. आणि गेली कित्येक वर्षं मी आईच्या मागे लागलोय की तू लोकांना खरं का सांगत नाहीस.

‘कमिंग आउट’ला आपल्याकडे शब्द नाही. आमच्यातल्या आमच्यात मराठी पोरं एकमेकांना विचारतात ते एवढंच, “घरी सांगितलंस?” काय सांगितलंस, ते कुणी म्हणत नाही. मराठीत ‘सांगणं’ हे क्रियापद कर्माशिवाय इतकं बिनबोभाट चालू शकतं हे मला आमच्या मंडळींमुळेच कळलं. सांगलीत पंधरा-सोळाव्या वर्षी जे शब्द कानावर होते ते सगळे दुसऱ्यानं मारून फेकायचे होते. बायल्या, छक्का, आणि काही इथे न लिहिण्यासारखे. वर्तमानपत्रात ‘समलिंगी’ यायचं, पण ते बातमीतलं, गुन्ह्याच्या शेजारच्या कॉलमातलं. शिवाय आमच्या घरात त्या शब्दाची आणखी एक अडचण होती. आई एकतीस वर्षं मराठीची शिक्षिका. ‘लिंग ओळखा’ हा दोन मार्कांचा प्रश्न, आणि तो फळ्यावर लिहिला की मागचा बाक हसायचा. तिच्याच तासाला, तिचा मुलगा म्हणून मान खाली घालून, मीही हसलेलो आहे. पुढे कधीतरी तोच शब्द तिच्यासमोर तोंडातून काढायचा, ही कल्पनाच मला करवत नव्हती.

मित्राला सांगितलं ते २००९ च्या जुलैत. आमच्यासारखे लोक गुन्हेगार नाहीत, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २ जुलैला आला आणि दुसऱ्या दिवशी पौड रोडवरच्या आमच्या खोलीत, खाली पसरलेल्या पेपरवर कांदा चिरता चिरता, त्यानंच ती बातमी मोठ्यानं वाचली. मी म्हणालो, मी पण. त्यानं कांद्याचे डोळे पुसले, बरं म्हणाला, काही फरक पडत नाही म्हणाला, आणि खरंच, तो माणूस आजही माझ्या मदतीला रात्री दोनला धावून येईल. फक्त त्या दिवसानंतर बनियन बदलताना तो पाठ फिरवायला लागला. चार वर्षं एका चादरीत झोपलो होतो थंडीत. पुढच्या हिवाळ्यात त्यानं स्वतःसाठी सोलापुरी चादर आणली. त्याला हे कळलंसुद्धा नसेल. मी कधी बोललो नाही. फरक पडत नाही म्हणणाऱ्या माणसाला, पडलाय रे, हे कसं सांगायचं? आमच्यासारख्यांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट पुण्यात २००२ पासून होता, म्हणजे मी कॉलेजला आलो त्याच्याही आधी. मला पत्ता नव्हता. २०११ च्या डिसेंबरात पुण्यात आमच्या लोकांची पहिली मिरवणूक, प्राइड, निघाली तेव्हा मी बघायला गेलो आणि ती येताना दिसल्यावर बसची वाट बघणाऱ्या लोकांत जाऊन उभा राहिलो. एक बस आलीही. चढलो.

घरी सांगितलं २०१२ च्या मे महिन्यात, गच्चीवर, कुरडयांच्या दिवशी. त्या वर्षी स्थळांचा पूर आला होता. टीव्हीखालच्या खणात पत्रिका आणि फोटो, आणि मला ‘एकदा बघून तरी घे’. ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना माहीत आहे, गव्हाचा चीक शिजला की थांबता येत नाही. गार झाला की गोळा होतो, सोऱ्यातून पडत नाही. पहाटे साडेपाचला आम्ही दोघं वर, आई गरम चीक भरून देतेय, मी दाबतोय, खालच्या प्लॅस्टिकवर पांढरी वेटोळी पडतायत. दुरून बाजाराच्या बाजूनं हळदीचा वास. तिनं सहज म्हटलं, पुढच्या वर्षी दाबायला सून असेल. मी म्हणालो, नसेल. आणि मग सांगितलं. तो शब्द नाही वापरला. ‘मला मुलींशी लग्न करता येणार नाही, मला मुलगेच आवडतात, पहिल्यापासून’ असलं काहीतरी लांबलचक, पाठ करून आलेलं आणि तरी अडखळलेलं. सोऱ्यावरचा माझा हात थांबला. आई म्हणाली, “दाब. चीक गार होतोय.”

पातेलं संपेपर्यंत आम्ही कुरडया घातल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, वाफेचंही असेल. शेवटच्या दोन ओळी वेड्यावाकड्या पडल्या आणि त्याच पुढे वर्षभर सणासुदीला तळून पानात आल्या. पातेलं खरवडताना तिनं एकच वाक्य म्हटलं, “बाबांना मी सांगते. तू नको सांगूस.”

मला केवढं हलकं वाटलं! तेव्हा कळलं नाही की माझ्या खांद्यावरचं तिनं आपल्या खांद्यावर घेतलं होतं आणि मी ते अगदी आनंदानं देऊन टाकलं होतं. बाबांना तिनं कधी सांगितलं, कोणत्या शब्दांत सांगितलं, मला आजवर माहीत नाही. गणपतीला गेलो तेव्हा टीव्हीखालचा खण रिकामा होता, त्यात स्क्रू ड्रायव्हर आणि जुने सेल. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, आयुष्यात कधी रांग मोडली नाही. ते माझ्याशी या विषयावर एकदाच बोलले. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला आणि ३७७ कलम पुन्हा जिवंत झालं त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. दहा वर्षांपर्यंतची कैद किंवा जन्मठेप, हे त्यांनी कुठूनतरी शोधून वाचलं असणार. म्हणाले, “खोलीचा करार कुणाच्या नावावर आहे?” मी म्हटलं, माझ्या. “भाडं वेळेवर देत जा. घरमालकाला बोलायला जागा ठेवू नको.” ठेवला फोन. पुढे तो, डब्यावर ज्याचं नाव आहे तो, माझ्या आयुष्यात आला, बाबा दवाखान्यात असताना एकदा डबा घेऊन आला. बाबांनी विचारलं, गाव कुठलं? अमरावती. बाबा जरा वेळ पंख्याकडे बघत राहिले, म्हणाले, “लांब पडतं.” बाबा २०१६ मध्ये गेले. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानंच आम्हाला त्या कलमातून सोडवलं, गणपती आठवड्यावर आले होते, ऑफिसात कुणीतरी केक आणला. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. बाबा गेले तेव्हा कलम शाबूत होतं. १८६० सालच्या त्या कायद्यानं त्यांचा मुलगा गुन्हेगार होता, आणि कायदा म्हणजे काय याबद्दल त्यांची मतं पक्की होती. ते मनात काय घेऊन गेले, ते आता कुणाला विचारणार?

आता डब्याबद्दल. मला नोकरी लागली त्या वर्षी आईनं गल्लीतल्या बायकांबरोबर भांड्यांची भिशी धरली. दर महिन्याला काहीतरी एक. परात, उभट डबे, ताट-वाट्यांचा सेट, झाकणासकट पातेल्यांची उतरंड. सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, पेपरात गुंडाळून. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे, वाटीवरसुद्धा, आईच्या लग्नातल्या परातीवर आजोबांचं नाव आणि तारीख. या भांड्यांवर मात्र तिनं काही घातलं नव्हतं. दोघांचं मिळून घालू, म्हणायची. कुरडयांच्या त्या दिवसानंतर ट्रंकेबद्दल कुणी बोललं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमचा तळमजला पाच दिवस पाण्यात. ओसरल्यावर आम्ही दोघं गेलो. पुराचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. ट्रंक उघडली तर आत चिखलाची वडी. तो अंगणात पाटावर बसला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एकेक भांडं काढून राखेनं घासायला लागला. दोन दिवस. झाकणांच्या कडांमधला गाळ तो काडीनं काढत होता. आई दारात उभी राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला विचारलं, “तुमच्याकडे पोळीचं पीठ कशात ठेवता?” प्लॅस्टिकच्या बरणीत, तो म्हणाला. तिनं कपाळाला हात लावला.

एवढं सगळं असून ती गल्लीत मात्र सांगायची, त्याला लग्नच करायचं नाही. मामीला सांगायची, पत्रिकेत दोष आहे. हळदीकुंकवाला कुणी विचारलं तर, मित्राबरोबर राहतो, पुण्यात भाडी किती आहेत बघा ना. मला याचा राग यायचा. एका संस्थेची पालकांसाठीची मराठी पुस्तिका मी तिला नेऊन दिली होती. तिनं ती वाचली, लाल पेननं ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि परत दिली. त्यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, तुला माझी लाज वाटते. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “तुला एकदा सांगायचं होतं, तेही मला. मला अख्ख्या गल्लीला सांगायचंय. आणि तू सांगून पुण्याला निघून गेलास.” मेथीची जुडी तिनं उलटी धरून आपटली, माती पडली. मी काहीतरी प्रत्युत्तर दिलं. काय ते आठवत नाही, यावरून ते किती फुसकं असणार याचा अंदाज येतो.

२०२३ च्या नवरात्रात, १७ ऑक्टोबरला, लग्नाच्या हक्काचा निकाल आमच्या विरोधात गेला. आईचा फोन. “मग फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?” हुबेहूब बाबा. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कळवलं की आमच्यासारख्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, आणि रेशनकार्डासाठी दोघांना एका घरातले धरावं. आईनं ते कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘रेशनकार्ड करून घ्या.’ आता आम्ही रेशनचं धान्य उचलणारे थोडेच आहोत. पण लग्नाला ना आणि गहू-तांदळाला हो, याच्यावर आम्ही दोघं त्या रात्री पोट धरून हसलो. मग बँकेत गेलो. नॉमिनीच्या फॉर्मवर ‘नाते’ असा रकाना. माझं पेन तिथे थांबलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, फ्रेंड लिहा, चालतं. लिहिलं. म्हणजे तुळशीबागेतला ‘हो’ पहिला नव्हता.

तर त्या दिवशी रिक्षात. पळी माझ्या हातात, डबा तिच्या मांडीवर. दांडेकर पूल येईपर्यंत ती त्या चुकीच्या वेलांटीवरून अंगठा फिरवत होती. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, “भाऊ म्हणालास.”

मी म्हटलं, अगं मग काय सांगायचं त्या पोराला, मागे एवढी रांग.

“मी ठरवून आले होते. आठ दिवस ठरवत होते. त्यानं विचारलं तर काय सांगायचं ते.”

रिक्षा सिग्नलला उभी होती. मी विचारलं, काय सांगणार होतीस? ती म्हणाली, आता काय उपयोग. नंतर मी खूपदा विचारलंय. फराळाचं तळताना, फोनवर, एकदा तर पत्त्यांत हरली तेव्हा शिक्षा म्हणून. सांगत नाही. ज्या बाईनं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना समानार्थी शब्द शिकवले, तिनं आठ दिवस शोधून या नात्याला एक शब्द काढला होता, सांगलीहून पुण्यापर्यंत तो डब्यासारखा सांभाळून आणला होता, आणि तो तिच्या ओठांवर आलेला असताना मी मध्ये पडलो. बाबांना सांगताना तिनं वापरला होता तोच शब्द असेल का तो? की नवा?

डबा आमच्या ओट्यावर असतो. त्याच्या घरचे यायचे असले की आमची एक ठरलेली आवराआवर आहे. दुसऱ्या खोलीतल्या गादीवर चादर घालून ती जराशी चुरगाळायची, उशाशी त्याचा चष्मा आणि चार्जर, बाथरूममध्ये वेगळा दात घासायचा ब्रश. त्यात त्या दिवाळीपासून एका कामाची भर पडली, डबा भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. जानेवारीत त्याची आई आल्या. चौथ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो आणि स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज झाला. मग त्यांचा आवाज, “हे नाव कोणी टाकलं रे? वेलांटी चुकवून ठेवली ना बाप्पा!”

तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मी नळ बंद केला.

“पैसे घेतले असतील वर,” त्या म्हणाल्या. मग पोहे धुतल्याचा आवाज, मग फोडणीचा. त्या गेल्यावर बघितलं तर डबा घासून पालथा घातलेला होता, नावाची बाजू पुढे.

दुपारी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा काहीच बोलली नाही. मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली, ती तिनं मोजली असणार. मग म्हणाली, “त्या कुठे शिकवायला होत्या का रे?”